चेतापेशी: आधी बाण काढा, मग चित्र

दरवर्षी कॉलेजं सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की आमच्या लोकमान्य नगरच्या घराची बेल वाजते. दारात नात्यातलं नाहीतर शेजारचं कुणीतरी उभं असतं. नर्सिंग, फिजिओथेरपी नाहीतर बीएस्सी, पण पहिलं वर्ष ठरलेलं. वहीतलं चित्रही ठरलेलं: डावीकडे फांद्या फुटलेला गोळा, उजवीकडे लांब शेपटी, शेपटीवर मणी ओवल्यासारखं काहीतरी, आणि भोवती पंधरा नावं. "काकू, हे पाठच होत नाहीये."

पाठ होणारही नाही. मी इंदूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेच्या टेबलामागे तीस वर्षं उभी होते, आणि मुलं नेमकी कुठे अडकतात ते मला आता झोपेतही सांगता येईल. चेतापेशीचं काम शरीरातले निरोप वाहायचं, आणि तिचा आकार त्या कामावरून ठरतो. निरोप कुठून येतो आणि कुठे जातो, हे दोन प्रश्न विचारायची सवय लागली की प्रकारांची यादी आपोआप सुटते. ज्या क्रमाने मी घरी शिकवते तोच क्रम इथे देते आहे.

पहिली पायरी: शब्द जुळवून घ्या

इंदूरच्या मराठी पोरांचं एक वेगळंच दुखणं आहे. घरात मराठी, शाळेत बहुधा हिंदी, कॉलेजात इंग्रजी. महाराष्ट्रातून आलेल्या पुस्तकात चेतापेशी असते, शाळेच्या पुस्तकात ती तंत्रिका कोशिका होती, आणि वर्गात सर न्यूरॉन म्हणतात. तिन्ही एकच. वृक्षिका म्हणजे शाळेतली द्रुमिका, म्हणजेच डेंड्राइट. अक्षतंतू म्हणजे तंत्रिकाक्ष, म्हणजेच ॲक्झॉन. पेशीकाय म्हणजे मधला गोळा. मध्य प्रदेशात २०२२ पासून डॉक्टरकीची पहिल्या वर्षाची पुस्तकंही हिंदीत निघाली, पण त्यांतले बरेचसे पारिभाषिक शब्द इंग्रजीच, फक्त नागरी लिपीत. तेव्हा न्यूरॉन, ॲक्झॉन, सिनॅप्स हे शब्द जिभेवर बसवूनच घ्या, सुटका नाही.

खरा सापळा 'पेशी' या शब्दात आहे. मराठीत पेशी म्हणजे सेल. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. (आणि कोर्टातली तारीखसुद्धा, पण ते असो.) माझ्या भाचीने पहिल्या चाचणीत हिंदी पुस्तकातलं 'तंत्रिका-पेशी संधि' वाचलं आणि दोन चेतापेशींमधला सांधा समजून अख्खं उत्तर लिहिलं. प्रश्न होता चेता आणि स्नायू यांच्यातल्या सांध्याचा. पाच गुण पाण्यात.

दुसरी गोष्ट 'नस'. आपल्याकडे नस दबली, नस कापली, नस फुगली, सगळ्याला एकच शब्द. रक्तवाहिनी वेगळी, चेता वेगळी. आणि चेता म्हणजे चेतापेशी नव्हे: चेता ही दोरखंडासारखी जुडी असते, तिच्यात शेकडो-हजारो पेशींचे तंतू एकत्र बांधलेले असतात. त्या पेशींचे गोळे मात्र जुडीत नसतातच, ते मेरुरज्जूत, मेंदूत किंवा वाटेवरच्या गुच्छिकांत बसलेले असतात. गुच्छिका म्हणजे मेंदू-मेरुरज्जूच्या बाहेर जमलेला पेशीकायांचा घोळका.

दुसरी पायरी: कागदावर आधी बाण

पेन्सिल घ्या. गोळा काढू नका. आधी डावीकडून उजवीकडे एक बाण काढा. हा निरोपाचा रस्ता. आता या बाणावर पेशी बसवा: जिथे निरोप घेतला जातो तिथे वृक्षिका, जिथून निघतो तिथे अक्षतंतू, आणि पलीकडे जिथे तो दुसऱ्याच्या हाती पडतो तिथे सिनॅप्स.

वृक्षिका अनेक असतात, आखूड असतात, आणि झाडाच्या फांद्यांसारख्या टोकाकडे निमुळत्या होत जातात. अक्षतंतू एका पेशीला एकच. त्याची जाडी बहुतेक वाटभर तीच राहते, आणि त्याला फांद्या फुटल्या तरी काटकोनात फुटतात. परीक्षेत चित्र बघणाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा हीच गोष्ट भरते. दोन अक्षतंतू काढलेत की गेलं.

पेशीकाय आणि अक्षतंतू यांच्या सांध्यावर एक उंचवटा असतो, ॲक्झॉन हिलॉक. सगळ्या वृक्षिकांकडून आलेल्या हो-नाहीची बेरीज तिथे पोचते, आणि अक्षतंतूच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यात निरोप पेटतो. एरवी पेशीच्या आत बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण विद्युतदाब असतो. तो साधारण ५५ पर्यंत उतरला की ठिणगी पडते, आणि पडली की पूर्णच पडते, अर्धवट नाही. तूर्त एवढं पुरे. सोडियम-पोटॅशियमचं प्रकरण आत्ताच उघडू नका, आधी रचना पक्की होऊ द्या.

तिसरी पायरी: लाडवाचं मोजमाप

पुस्तकातलं चित्र मापात नसतं. ते असूच शकत नाही, का ते बघा. पायाचा स्नायू हलवणारी मेरुरज्जूतली एक चेतापेशी घ्या. तिचा पेशीकाय सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. तिला सरळ हजारपट मोठी करू. गोळा झाला ५ सेंटिमीटरचा, म्हणजे बेसनाचा एक बऱ्यापैकी लाडू. हा लाडू इंदूरच्या राजवाड्यासमोर ठेवा. त्यातून निघालेल्या वृक्षिका चहूकडे साधारण मीटर-मीटरभर पसरतील. आणि अक्षतंतू? कमरेपासून पायाच्या पंज्यापर्यंत तो जवळपास १ मीटर असतो, म्हणजे आपल्या मापात १ किलोमीटर. बोटाएवढ्या जाडीची दोरी राजवाड्यापासून निघून रेल्वे स्टेशनच्या दिशेने किलोमीटरभर जाते आहे, आणि तिच्या टोकाला एक लाडू. हे वहीच्या पानावर कसं मावणार?

याच दोरीवर पुढचंही मोजून घ्या. तिच्यावर मायलिनचं आवरण चढवलेलं आहे, साधारण मीटरभराच्या तुकड्यांत. दोन तुकड्यांमध्ये जी उघडी फट असते ती या मापात जेमतेम मिलिमीटरभर. तीच रॅनव्हिएची गाठ. नावात गाठ असली तरी तिथे गाठबीठ काही नसते, उलट आवरण नसतं. निरोप या फटीतून त्या फटीत उड्या मारत जातो, म्हणून आवरण असलेला तंतू वेगवान. आणि दोन चेतापेशींमधली सिनॅप्सची फट? २० ते ४० नॅनोमीटर. हजारपट करूनही ती वहीच्या कागदाच्या जाडीपेक्षा कमीच भरते. चित्रात आपण तिथे बोट घालता येईल एवढी जागा सोडतो.

लाडूवाल्या मापाने आणखी एक प्रश्न आपोआप पडतो: एवढ्या लांब दोरीला रसद कोण पुरवतं? पेशीकायात निस्सल कण नावाचे गडद ठिपके असतात, तो प्रथिनांचा कारखाना. हे कण वृक्षिकांच्या मुळाशी दिसतात, पण हिलॉकमध्ये आणि अक्षतंतूत दिसत नाहीत. म्हणजे टोकाला लागणारा बहुतेक माल लाडवातूनच जायचा. तो सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून जातो, आणि वेगवान गाडीसुद्धा दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर धावते. मीटरभराला अडीच दिवस लागले. परतीचीही गाडी असते, आणि रेबीजचा विषाणू तीच पकडून चावल्या जागेवरून वर सरकतो. पायापेक्षा चेहऱ्याला कुत्रा चावला तर डॉक्टर जास्त घाई करतात, कारण चेहऱ्यापासून मेंदूपर्यंतची वाट फार छोटी.

चौथी पायरी: ध्रुव मोजा

पेशीकायातून किती फाटे निघतात ते मोजायचं, बस.

अनेक निघाले तर बहुध्रुवी. माणसाच्या शरीरात यांचीच गर्दी. वरची लाडूवाली पेशी बहुध्रुवी. मोठ्या मेंदूच्या सालीतल्या त्रिकोणी पिरॅमिडल पेशी बहुध्रुवी. लहान मेंदूतली पुर्किंजे पेशी तर या जातीची पट्टराणी: १८३७ साली पुर्किंजे यांनी तिचं वर्णन केलं. तिच्या वृक्षिका पंख्यासारख्या एकाच पातळीत पसरतात. समोरून पाहिलं तर भरगच्च पिंपळ, बाजूने पाहिलं तर नुसती काठी. एवढा पिसारा कशाला, तर एका पेशीवर लाखाच्या घरात सिनॅप्स होतात. निरोप घ्यायचे खूप, म्हणून फांद्या खूप. तिच्याच शेजारी राहणाऱ्या दाणेदार पेशी आपल्या लाडवाच्या मापात हरभऱ्याएवढ्या, आणि वृक्षिका चार-पाचच. पण संख्या बघा: माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, त्यांतल्या जवळपास ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत, आणि त्या बहुतेक याच.

दोन फाटे निघाले तर द्विध्रुवी. एका टोकाने घ्यायचं, दुसऱ्याने द्यायचं, मध्ये भेसळ नाही. या पेशी डोळ्याच्या दृष्टिपटलात, नाकातल्या वासाच्या थरात, आणि कानातल्या ऐकण्याच्या व तोल सांभाळण्याच्या गुच्छिकांत सापडतात. डोळा, नाक, कान एवढं लक्षात ठेवलं की झालं.

एकच फाटा असलेली खरीखुरी एकध्रुवी पेशी कीटकांसारख्या अपृष्ठवंशी प्राण्यांत खूप, माणसात गर्भावस्थेत. आणि अक्षतंतूच नसलेल्याही काही असतात, दृष्टिपटलातल्या अमॅक्राइन पेशी त्यांतल्याच. यांच्यावर वेळ घालवू नका.

पाचवी पायरी: जिथे सगळे अडकतात

वेळ इथे घालवा. आभासी एकध्रुवी पेशी, हिंदीतली छद्म एकध्रुवी. ही मेरुरज्जूच्या दोन्ही बाजूंना, मागच्या मुळावरच्या गुच्छिकांत राहते. स्पर्श, वेदना, थंड-गरम, सांध्यांची जाणीव, मानेखालचं हे सगळं हिच्यामार्फत आत येतं. चेहऱ्यासाठी अशाच पेशी पाचव्या कपालचेतेच्या गुच्छिकेत असतात.

चित्र काढण्याआधी कणकेचा एक छोटा गोळा घ्या. दोन बाजूंना दोन शेपट्या ओढा: ही झाली द्विध्रुवी पेशी. आता दोन्ही शेपट्या खाली वळवून गोळ्याजवळ एकमेकींना चिकटवा, पुढे मात्र वेगळ्या राहू द्या. गोळ्यातून एक देठ निघाला आणि देठ दोन दिशांना फुटला. गर्भात ही पेशी खरोखर अशीच घडते, आधी दोन फाटे, मग त्यांची मुळं एक होतात. म्हणून 'आभासी'. एकदा हाताने केलं की मुलं विसरत नाहीत. पोळ्या करणारीची मात्र बोलणी खावी लागतात.

आता बाण. एक फाटा पायाच्या अंगठ्याच्या कातडीकडे गेला, दुसरा मेरुरज्जूत. अंगठ्याकडून निरोप निघाला, देठाच्या फाट्यापाशी आला आणि सरळ पुढे मेरुरज्जूत गेला. गोळा आपला बाजूला. त्याच्यातून निरोप जायलाच हवा असं नाही, तो मुख्यतः रसद पुरवायला बसलेला. मग अंगठ्याकडचा फाटा वृक्षिका की अक्षतंतू? दिशेने बघितलं तर वृक्षिका, निरोप पेशीकायाकडे आणतो म्हणून. रचनेने बघितलं तर अक्षतंतू: जाडी सारखी, मायलिन चढतं, पूर्ण ठिणगी धावते. परीक्षेत 'अक्षतंतूचा बाहेरचा फाटा' म्हणा, कुणी हरकत घेणार नाही. मी स्वतः तोंडी परीक्षेत ठासून "वृक्षिका" म्हटलं होतं. परीक्षकांनी विचारलं, "मायलिन असलेली, मीटरभर लांब वृक्षिका आणखी कुठे पाहिलीत?" पुढची दहा मिनिटं मी पंख्याकडे बघत होते.

अंगठ्यापासून स्पर्शाचा निरोप नेणाऱ्या अशाच पेशीचा आतला फाटा मेरुरज्जूतून वर चढत थेट मेंदूच्या बुडापर्यंत जातो. म्हणजे एकच पेशी दीड मीटरच्या आसपास लांब!

या गुच्छिका तुमच्या घरात कुणाला ना कुणाला भेटलेल्या असतात. लहानपणी कांजिण्या झाल्या की विषाणू पुरता जात नाही, याच पेशींत वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. उतारवयात एखाद्या गुच्छिकेतला जागा झाला की तिच्या तंतूंवरून कातडीकडे उतरतो, आणि नेमक्या तेवढ्याच पट्ट्यात फोड उठतात. ती नागीण. नागिणीचं तोंड शेपटीला भेटलं की माणूस दगावतो, हे आजीकडून ऐकलं असेल. पण उजव्या आणि डाव्या बाजूच्या गुच्छिका वेगळ्या, म्हणून नागीण सहसा एकाच बाजूला येते, पुरा वेढा पडत नाही. आजीला हे सांगायला हरकत नाही, पण डॉक्टरकडे न्यायला उशीर करू नका.

सहावी पायरी: कामावरून जाती

संवेदी आत आणते, प्रेरक बाहेर नेते, आणि दोघींच्या मधली सहयोगी. तव्याला बोट लागलं की संवेदी पेशीने मेरुरज्जूत खबर दिली, सहयोगीने ती पुढे सरकवली, प्रेरक पेशीने स्नायूला हात मागे घ्यायला लावला. चटका 'कळायच्या' आधीच हात मागे आलेला असतो. गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो त्या वाटेत मात्र संवेदी पेशी थेट प्रेरकाशी जोडलेली असते, मध्ये कुणी नाही. मुलं सवयीने तिथेही सहयोगी पेशी काढतात. मांडीच्या मागच्या स्नायूला ढिलं सोडायला ती लागते, पाय उडवायला नाही.

तंतूंचा वेग समजायला प्रयोग करावा लागत नाही, उंबऱ्याला अंगठा ठेचकाळतोच कधीतरी. आधी टोकदार कळ, आणि मग सेकंदभराने जीव खाणारी ठसठस. कळ आणणारे तंतू बारीक पण आवरण असलेले, सेकंदाला ५ ते ३० मीटर. ठसठशीचे तंतू उघडे, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. लवंग सेव खाल्ल्यावर तोंडात पेटतं तेही मुख्यतः असल्याच उघड्या तंतूंच्या टोकांवर. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्याच कुलपात किल्लीसारखं बसतं, म्हणून तिखट 'गरम' लागतं. हे कुलूप शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, जोडीला आर्डेम पटापूटियन होते.

सातवी पायरी: ग्लिया

चेतापेशींच्या भोवतीचा परिवार. रसद आणि साफसफाई बघणाऱ्या ताराकृती ॲस्ट्रोसाइट, पहारेकरी मायक्रोग्लिया, मेंदूतल्या पोकळ्यांना अस्तर लावणाऱ्या एपेंडिमल. मायलिन गुंडाळणाऱ्या दोन, आणि त्यांतला फरक हमखास विचारतात: मेंदू-मेरुरज्जूच्या आत ऑलिगोडेंड्रोसाइट, एकटी अनेक तुकड्यांना हात घालणारी, बाहेरच्या चेतांत श्वान पेशी, एक पेशी एक तुकडा. आजारही वेगळे होतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आतलं मायलिन जातं, जीबीएसच्या (गिलँ-बारे सिंड्रोमच्या) नेहमीच्या प्रकारात बाहेरचं. बी-१२ फार कमी पडलं तरी मायलिन बिघडतं आणि तळपायांना मुंग्या येतात. शुद्ध शाकाहारी घरांत याकडे लक्ष ठेवावं.

एक कबुली. ग्लिया चेतापेशींच्या दहापट असतात असं मी वर्षानुवर्षं सांगत आले, पुस्तकातच होतं. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचं अक्षरशः सूप करून केंद्रकं मोजली, आणि २००९ मध्ये दाखवलं की दोन्ही साधारण सारख्याच आहेत. जुन्या नोट्स हाती आल्या तर तेवढं वाक्य खोडा.

आठवी पायरी: स्लाइडसमोर

आणि मग प्रॅक्टिकल. मुलं भिंगात डोकावतात आणि म्हणतात, "काकू, यात चित्रासारखं काहीच नाही." नसणारच. चित्रातली एकटी, ठसठशीत पेशी आपल्याला दिसते ती इटलीच्या गोल्जी यांच्या कृपेने. १८७३ मध्ये त्यांनी चांदीच्या क्षाराची अशी रंगवण्याची रीत काढली की शेकडा थोड्याच पेशी काळ्या होतात, पण होतात त्या अगदी टोकापर्यंत. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. याच रीतीने स्पेनच्या काहाल यांनी दाखवलं की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. गोल्जींना मात्र शेवटपर्यंत सगळं एकसंध जाळं वाटत राहिलं. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि भाषणातही गोल्जी जाळ्यावरच ठाम राहिले! न्यूरॉन हे नाव वाल्डायर यांनी १८९१ मध्ये रूढ केलं, आपलं इंदूरचं होळकर कॉलेज निघालं त्याच साली.

तुमच्या पेटीतली स्लाइड बहुधा साध्या रंगाची आणि पातळ कापाची असते. फाटे कापात तिरपे छाटले जातात, म्हणून फांद्या शोधत बसू नका. मेरुरज्जूचा आडवा काप आला तर आधी कमी भिंगावर फुलपाखरासारखा करडा भाग शोधा. त्याच्या पुढच्या, जाड पंखात जा, मग ४० चं भिंग लावा. मोठ्या कोनदार पेशी दिसतील, आत फिकट मोठं केंद्रक आणि त्यात एकच गडद ठिपका, टक लावून बघणाऱ्या डोळ्यासारखा. त्या प्रेरक पेशी. भोवती निस्सलचे ठिपके. एका बाजूला ठिपके नसलेला फिका कोपरा मिळाला तर तो हिलॉक, तिथून अक्षतंतू निघाला. तेवढंच काढा. जे दिसलं नाही ते पुस्तकातून आणून जोडू नका, परीक्षकाला लगेच कळतं.

गुच्छिकेची स्लाइड असेल तर गोल गरगरीत पेशी दिसतील, फाटा एकही नाही, आणि प्रत्येकीभोवती बारीक केंद्रकांची माळ. ती माळ सॅटेलाइट पेशींची. दरवर्षी निम्मा वर्ग याला बीजांडकोश म्हणतो. माळ मोजा, डोळा शोधा, आणि कणकेचा गोळा आठवा: देठ दुसऱ्याच कुठल्या तरी कापात गेलेला आहे.